शिका म्हणजे धर

स्वाहिलीतला 'शिका' हा शब्द मला कुणी शिकवला नाही. तो अंगावर आला.

पश्चिम केनियात काकामेगाजवळचं एक गाव. २०११ साल, संध्याकाळचे साडेसहा. घरापासून दहा पावलांवर मातीच्या भिंतींचं वेगळं स्वयंपाकघर, वर पत्रा, आणि भिंत व पत्रा यांच्यामध्ये धूर जायला वीतभर फट. कोपऱ्यात कोंबड्या झोपायच्या तयारीत. मधोमध, नेहमीचे तीन दगड बाजूला सारून, मी आणलेली चूल ठेवली होती. गुडघ्याएवढी उंच, पत्र्याची, आतून विटेचं अस्तर, खाली तीन पाय. पाणी अकरा मिनिटांत उकळलं. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं आणि चेहऱ्यावर बहुधा बऱ्यापैकी समाधान.

मग त्या घरच्या बाईंनी पीठ ओतलं.

पांढऱ्या मक्याचं पीठ. त्याच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याला उगाली म्हणतात. आधी दोन ओंजळी, मग आणखी, मग आणखी. लांब दांड्याचा सपाट लाकडी चाटू, त्याला तिथे म्विको म्हणतात, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि घाटायला लागल्या. आपण मोदकाची उकड हाटतो त्याची चौपट ताकद धरा. पीठ घट्ट होत गेलं तसा चाटू पातेल्याच्या कडेशी दाबायचा, अख्खा गोळा अंगाकडे ओढायचा, उलटायचा, पुन्हा दाबायचा. तिसऱ्या दाबाला चुलीचा एक पाय उचलला. चौथ्याला पातेलं माझ्याकडे कललं.

"शिका! शिका!" बाई ओरडल्या.

माझ्या मराठी डोक्यानं त्या घाईतही शब्दाचा मराठी अर्थ लावला आणि मी ढिम्म उभी. काय शिकू? तोवर त्यांनीच रबरी चपलेसकट पाय चुलीच्या पायावर रोवला होता. शिका म्हणजे धर. मी ओलं पोतं गुंडाळून चूल धरली, मिठी मारावी तशी, आणि पुढची सात-आठ मिनिटं बाई घाटत होत्या नि मी धरून बसले होते. डाव्या मनगटावर तेव्हाचा डाग अजून आहे, पुसटसा.

उगाली फार छान झाली होती.

ती चूल आमच्या पुण्यातल्या छोट्या कार्यशाळेत तयार झाली होती आणि चाचणीत तिला उत्तम गुण पडले होते. चाचणी म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. चुलींच्या दुनियेत ती १९८०च्या दशकापासून चालत आलेली आहे. मोजून पाणी घ्यायचं, तोलून लाकूड घ्यायचं, पाणी उकळवायचं, मग पंचेचाळीस मिनिटं ते मंद आचेवर राखायचं, शेवटी उरलेलं लाकूड आणि कोळसा पुन्हा तोलायचा. किती उष्णता पाण्यात गेली, किती वाया गेली, याचा हिशेब निघतो. चाचणी वाईट नाही. पाणी पुण्यात उकळतं तसंच ओरेगॉनमध्ये उकळतं (उंचीचा फरक धरून), त्यामुळे इकडची चूल तिकडच्या चुलीशी ताडून बघता येते. पण पाण्याला फोडणी द्यावी लागत नाही. पाणी बुडाला लागत नाही. आणि पाणी घाटावं लागत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनीअर. माझं शिक्षण आच, झोत आणि पत्र्याची जाडी यांचं. 'रॉकेट' नावाचा चुलीचा प्रकार आहे, १९८२च्या सुमाराला अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी बसवलेला. इंग्रजी एल अक्षरासारखं नळकांडं, आडव्या तोंडातून काटक्या सारायच्या, उभ्या भागात जाळ वर खेचला जातो. भोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर, त्यामुळे आत आग चांगलीच तापते आणि धुराचाच बराचसा भाग जळून जातो. शिवाय पातेल्याभोवती पत्र्याचं कडं लावलं, मध्ये बोटभरापेक्षा कमी फट ठेवली, की गरम हवा पातेल्याला घासत जाते. लाकूड वाचतं ते मुख्यतः इथे. हे सगळं मला पाठ होतं. उभ्या नळकांड्याला उंची लागते, उंचीशिवाय खेच येत नाही, म्हणून चूल उंच. उंच म्हणून वर ठेवलेलं पातेलं उंच. आणि पातेल्यात जेव्हा एक बाई सगळ्या अंगाचा भार टाकते, तेव्हा ती चूल तरफ होते. तरफ मला आठवीत शिकवली होती.

तीन दगडांना स्वाहिलीत माफिगा म्हणतात. एक असेल तर फिगा. 'एका फिग्यावर हंडी बसत नाही' अशी तिथे म्हण आहे. तीन पाय माझ्या चुलीलाही होते, पण दगड जड, बसके, जमिनीत थोडे रुतलेले, आणि पातेलं त्यांच्या वर नसतं, त्यांच्या मध्ये असतं. मोठं पातेलं आलं की दगड सरकवायचे, छोटं आलं की जवळ घ्यायचे. हाताएवढं जाड लांबच लांब लाकूड तसंच सारता येतं, जसजसं जळेल तसतसं पुढे ढकलत जायचं. माझ्या चुलीला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या हव्यात. म्हणजे कुऱ्हाड हवी, फोडायला माणूस हवं, आणि ते माणूस दिवसभर शेतात असतं. नीट राखलेली तीन दगडांची आग प्रयोगशाळेत पंधरा टक्क्यांच्या पुढे जाते. तिचा उल्लेख नेहमी अडाणी म्हणून होतो, पण तिच्यात हजारो वर्षांच्या सुधारणा आहेत. फक्त त्यांची नोंद कुठे झाली नाही.

बाईंचं नाव इथे सांगत नाही. गावात सगळे त्यांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायचे: मामा अमुक, म्हणजे अमक्याची आई. मी नुसतंच मामा म्हणू लागले. त्या मला बिंती म्हणायच्या, म्हणजे मुलगी. पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला, जेवायचं काय करतेस. म्हटलं, मामांकडे जेवते. ती म्हणाली, "अगो बाई, तिथे कुठला मामा निघाला आपला?" मग पुढची दीड वर्षं आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'केनियाचा मामा' असाच होत राहिला.

मामांनी मला आणखी एक शब्द दिला: जिको. जिको म्हणजे चूल, शेगडी, आणि स्वयंपाकघरही. मुलाचं लग्न झालं की 'त्याला जिको मिळाला' असं गमतीत म्हणतात. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे घर फुटतं तेव्हा चुली वेगळ्या होतात आणि संसार सुरू होतो तेव्हा चूल मांडली जाते. (दोन्हीकडे गंमत करणारे पुरुषच असतात, हेही आलंच.)

केनियातली जुनी पत्र्याची कोळशाची शेगडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कामावर गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर तिथे पोचली असं सांगतात. नैरोबीच्या शौरी मोयो बाजारात जुन्या पिंपांचे पत्रे ठोकून शेगड्या करणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं की ते खरं वाटतं. तो ठणठणाट, ती लोखंडाच्या कातरीची पद्धत, हे मी आमच्या तालुक्याच्या गावच्या बाजारपेठेत ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे. या कारागिरांना जुआ काली म्हणतात. त्याचा अर्थ कडक ऊन, कारण डोक्यावर छप्पर नाही.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच लोकांच्या हातून 'केनिया सिरॅमिक जिको' घडली. कल्पना थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून घेतलेली: पत्र्याच्या आत भाजलेल्या मातीचं अस्तर. पण बादलीचा आकार जशाचा तसा चालेना, अस्तर तडकायचं, सुटायचं. बायका वापरून सांगत गेल्या, कारागीर बदलत गेले, आणि शेवटी आकार आला तो डमरूचा. मध्ये कंबर, वर कोळशाचा कप्पा, खाली राखेचा. अस्तर फक्त वरच्या अर्ध्या भागाला. कमरेमुळे अस्तर खाली घसरत नाही, आणि खालची बाजू रुंद असल्यामुळे शेगडी हलत नाही. मी शौरी मोयोत एका कारागिराला विचारलं, हा आकार कशासाठी? तो हातोडा न थांबवता म्हणाला, "उगाली." बाकीची कारणं मी नंतर कागदपत्रांत वाचली.

ती शेगडी पुढे आफ्रिकेतल्या इतर देशांतही गेली. इथिओपियात तिचं रूप 'लाकेच' नावानं, घानात 'ग्यापा' नावानं. कोळसा वाचतो हे तिचं मोठं कौतुक, आणि ते रास्त आहे. पण मला तिच्यात आवडतं ते हे, की मोडली तर दुरुस्त करणारा माणूस दोन गल्ल्या सोडून बसलेला असतो. माझ्या चुलीचं अस्तर तडकलं तर पुण्याला ई-मेल करावी लागायची.

आता आजीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या पहिल्या संध्याकाळी पोतं धरून बसले असताना मला तीच आठवत होती.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावी १९८७ का ८८ साली निर्धूर चूल आली. देशभर उन्नत चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला होता, त्यातलीच ती. सिमेंटचा पाइप छपरातून वर काढलेला, दोन भोकं, छोटं तोंड. आजीला धूर नको होता; तिचे डोळे कायम लाल असायचे. पण भाकरी. भाकरी तव्यावर एका बाजूनं भाजते, पलटते, आणि मग तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी आरावर उभी शेकतात. तिथे ती फुगते. नव्या चुलीचं तोंड एवढंसं, आर बाहेर ओढता येईना, भाकरी उभी राहीना. आजीनं आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी पहारीनं तोंड रुंद केलं. झालं, खेच गेली, धूर परत घरात. पाहणीला आलेल्या माणसानं वहीत लिहिलं: लाभार्थ्याने चूल बिघडवली. आजी वाचू शकत नव्हती. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहू दे. भाकरी त्याला कुठं खायचीय."

मामांनी दुसऱ्या आठवड्यात काय केलं, तर माझ्या चुलीचे पाय जमिनीत पुरले. मी सकाळी गेले तर चूल निम्मी मातीत, भोवती शेण-मातीचा गिलावा, वर फक्त पातेल्याचं बूड बसेल एवढं तोंड, आणि काटक्या सारायला समोर उतार खणलेला. माझ्याजवळ प्रकल्पाचा छापील तक्ता होता. त्यात 'दोष' नावाचा एक रकाना, आणि त्याखाली एक पर्याय: वापरणाऱ्याने चुलीत बदल केला. मी पेन टेकवलं आणि थांबले.

मग तोललं, मोजलं. पाणी उकळायला अकराऐवजी चौदा मिनिटं लागू लागली, कारण भोवतीची माती आधी स्वतः तापते. पण उगालीला लागणारं लाकूड तीन दगडांपेक्षा कमीच होतं, आणि चूल जागची हलत नव्हती. त्या भागात बायकांच्या कुंभारकामाच्या गटांनी केलेली 'उपेसी' नावाची चूल आधीपासून होती. नुसतं भाजलेल्या मातीचं नळकांडं, ते ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात मातीत बसवायचं. उपेसी म्हणजे झटपट. मामांच्या जावेकडे ती होती. मामांनी माझी पुण्याची महागडी चूल घेऊन तिची उपेसी केली, एवढंच.

पण मातीत बसवलेली चूल उचलून बाहेर नेता येत नाही. कोरड्या दिवसांत सगळं गाव बाहेर रांधतं. मग बाहेर तीन दगड, आत माझी चूल. शिवाय मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी दोन-तीन तास रटरटत ठेवायची तर दगडच बरे. एक ओंडका लावून दिला की बघायला नको, तेवढ्यात नदीवर जाऊन येता येतं. रताळी राखेत पुरायची तर राख हवी, निखारे हवेत, आणि माझी चूल निखारे शिल्लक ठेवत नव्हती याचाच तर मला अभिमान होता. आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली असायची, धुरामुळे त्यांना कीड लागत नाही. अंधार पडला की पोरं आगीभोवती बसायची. मामा एकदा म्हणाल्या, "तुझ्या चुलीत आग दिसत नाही." मी म्हटलं, दिसू नये म्हणूनच केलीय. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून नीट सांगता येत नाही.

केनियाहून एकदा कामासाठी अदिस अबाबाला जाणं झालं, आणि तिथे मला आंबोळी भेटली. म्हणजे इंजेरा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ भिजवून काही दिवस आंबवतात आणि मिताद नावाच्या मातीच्या तव्यावर ओततात. मिताद दोन फुटांच्या आसपास रुंद असतो. पीठ बाहेरच्या कडेपासून आत, गोल गोल, एकसारखं ओतत यायचं. वर झाकण. पलटायचं नाही. जाळी पडली पाहिजे. त्या भोकांना तिथे डोळे म्हणतात. मी जाळी शब्दाचा अर्थ खुणेनं समजावून सांगितला तेव्हा भाजणाऱ्या बाई खळखळून हसल्या.

तर आता विचार करा, माझी रॉकेट चूल. मधोमध एक जाळाचा झोत. त्यावर दोन फुटी मातीचा तवा ठेवला तर मध्ये करपेल आणि कडेला पीठ कच्चं. इंजेराला जाळ पसरट हवा, पूर्ण बुडाला सारखा. इथिओपियाच्या घरगुती सरपणातला निम्म्याहून जास्त हिस्सा एका इंजेरावर जातो, म्हणजे तिथे बाकी कितीही सुधारणा करा, मिताद सोडला तर काही केलंच नाही. ते ओळखून १९९०च्या दशकात तिथे 'मिर्त' चूल झाली. मिर्त म्हणजे सर्वांत उत्तम. सिमेंट आणि ज्वालामुखीच्या हलक्या वाळूचे साच्यातले वक्र तुकडे, ते मितादाभोवती गोल जोडायचे. आग तिथेच, तवा तोच, ओतण्याची पद्धत तीच. फक्त भोवती भिंत आली आणि वाऱ्यानं पळणारी धग थांबली. सरपण जवळपास निम्म्यावर येतं. मागच्या बाजूला जिथून धूर बाहेर पडतो तिथे एक छोटं भोक ठेवलंय, त्यावर कालवणाचं भांडं बसतं. मी ते बघून म्हटलं, अरे ही तर वैल! आपल्या चुलीला बाजूला वैल असते, मुख्य जाळ भाकरीला आणि उरलेली धग आमटीला. आजीच्या निर्धूर चुलीतही वैल होती, त्या बाबतीत सरकारनं चूक केली नव्हती, एवढं मान्य करायला हवं.

या क्षेत्रातल्या ज्या कामाबद्दल मला आदर वाटतो आणि थोडा हेवाही, ते एका मुंबईकराचं आहे. अशोक गाडगीळ, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पुढे अमेरिकेत बर्कलीला भौतिकशास्त्रज्ञ. सुदानमधल्या डार्फरमध्ये यादवीमुळे लाखो लोक छावण्यांत राहत होते. सरपणासाठी बायकांना छावणीबाहेर तासन्‌तास जावं लागे, आणि बाहेर त्यांच्यावर बलात्कार होत. पुरुष गेले तर मारले जातील, म्हणून बायका जात. इतका भयंकर हिशेब घराघरांत रोज होत होता. २००५च्या अखेरीस गाडगीळ आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टीना गॅलित्स्की तिथे गेले आणि बरोबर काही चुली नेल्या, त्यात भारतातली 'तारा' ही पत्र्याची चूल होती.

तिथल्या बायकांनी त्यावर रोजचं जेवण करून पाहिलं. रोजचं म्हणजे मुलाह नावाचं कालवण आणि असीदा. मुलाहसाठी आधी तेलात कांदा परततात, चांगला जाळ लावून, मग पाणी आणि बाकीचं. ही फोडणीच की. आणि असीदा म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा, जोर लावून घाटलेला. इथपर्यंत आलं की मला माझं मनगट आठवतं. भांडी गोल बुडाची, जमीन वाळूची, वारा कायमचा. तारा चूल तिथे तशीच चालेना. मग चुलीच्या वरच्या बाजूला निमुळतं कडं आलं, वारा अडवायला आणि लहानमोठं कुठलंही गोल भांडं बसवायला. लाकडाचं तोंड लहान झालं. आणि चुलीला वाळूत खुंट्या ठोकून पक्कं करायची सोय आली, घाटताना हलू नये म्हणून. पत्र्याचे कापलेले सपाट भाग मुंबईत तयार व्हायचे, जहाजानं जायचे आणि डार्फरमध्ये एल फाशेरला स्थानिक लोक ते जोडायचे. मुंबईच्या कुठल्यातरी गाळ्यात प्रेस मारणाऱ्या माणसाला आपण कापतोय तो पत्रा असीदासाठी आहे, हे माहीत होतं की नाही कोण जाणे.

खुंट्यांची गोष्ट मी २०१२ साली वाचली. म्हणजे मामांनी पाय पुरल्यानंतर वर्षभरानं. अहवाल आधीच वाचला असता तर मनगट वाचलं असतं. पण आम्ही इंजिनीअर आधी कार्यक्षमतेचा तक्ता उघडतो, वापरणाऱ्यांच्या तक्रारी परिशिष्टात असतात.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की स्वयंपाक करणारीचं ऐका, म्हणजे सगळं जुळून येईल. मलाही दोन-तीन वर्षं तसंच वाटायचं. व्याख्यानंही दिली मी त्यावर. मग २०१७ साली मलावीतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दीडशे गावं, पाच वर्षांखालची दहा हजारांहून जास्त मुलं. निम्म्या गावांतल्या घरांना पंख्याच्या दोन-दोन चुली दिल्या, पंखा चालवायला सौर पॅनेल दिलं, शिकवलं, दुरुस्तीची सोय केली. त्या वेळी लाकडावर चालणाऱ्या चुलींत याहून स्वच्छ फारसं काही मिळत नव्हतं. मोजायचं एकच होतं, मुलांचा न्यूमोनिया कमी होतो का. झाला नाही. दोन्हीकडे सारखाच.

कारणं बरीच सांगतात, आणि ती खरी आहेत. चुली बिघडायच्या. जुनी आगही चालूच असायची. एकीवर एक चुलींची उतरंड लागते घरात, नवी आली म्हणून जुनी जात नाही. शिवाय शेजारच्या घरचा धूर, जाळलेला कचरा, रस्त्याचा धूर, हे सगळं त्याच हवेत. तरी त्या निकालानं माझी झोप उडवली. कारण त्यातून निघणारी दुसरी बाजू अशी की मामांना पसंत पडलेली चूल, मातीत पुरलेली, जरा कमी लाकडाची, तीसुद्धा त्यांच्या नातवाच्या फुप्फुसांसाठी पुरेशी नाही. लाकूड वाचणं आणि धूर संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तिसरा हिस्सा वाचला तर आनंद. दुसरीत धूर तिसऱ्या हिश्शानं कमी झाला तर शरीराला फारसा फरक कळतही नाही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ९० कोटींहून जास्त लोक आजही लाकूड, कोळसा, शेणी यांवर रांधतात. माझ्या आजीला पुढे दम्यानं गाठलं. त्यात चुलीचा वाटा किती, ते कुणी मोजलं नाही. डॉक्टरांनी तिला "विडी ओढता का आजी?" असं विचारलेलं मात्र मला लख्ख आठवतं.

म्हणजे जी चूल हाताला जुळते ती छातीला पुरत नाही, आणि जी छातीला पुरेल ती हाताला जुळत नाही. या दोहोंच्या मध्ये मी बरीच वर्षं काम केलं आणि मला काही फार हुशार उत्तर सापडलं नाही. गॅस, वीज, हेच शेवटी, असं आता सगळे म्हणतात. मीही म्हणते.

२०१९ साली पुन्हा काकामेगाला गेले. मामा वाकल्या होत्या, पण आवाज तोच. स्वयंपाकघरात मातीत पुरलेली माझी चूल होती; अस्तर कधीच फुटलेलं, त्या जागी जावेच्या गटातल्या बायकांनी केलेलं मातीचं नळकांडं बसवलेलं. कोपऱ्यात तीन दगड, काळेभोर. आणि घरात, पलंगाशेजारी, नवीकोरी वस्तू: सहा किलोचा गॅस सिलिंडर. तिथे सगळे त्याला 'मेको' म्हणतात. सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला, त्यावर लोखंडी कडं, बस्स. नळी नाही, ओटा नाही. थोरल्या मुलानं नैरोबीहून आणला होता.

सकाळचा चहा त्यावरच होतो, मामा म्हणाल्या, झटपट. गिथेरी बाहेर दगडांवर. आणि उगाली? एरवी चुलीवरच, गॅस महाग. पण आज बिंती आलीय.

त्यांनी सुफुरिया, म्हणजे पातेलं, सिलिंडरवर चढवली. धूर नाही. निळा, एकसारखा जाळ. मी छातीभरून श्वास घेतला, मुद्दाम. पाणी उकळलं. पीठ पडलं, दोन ओंजळी, आणखी, आणखी. मामांनी म्विको घेतला. दंड बारीक झाले होते, पण घाटायला लागल्यावर तोच जोर. गोळा कडेशी दाबला, अंगाकडे ओढला, उलटला.

फरशीवर सिलिंडर हळूच एका कडेवर उचलला गेला.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शिका," त्या म्हणाल्या. मी आधीच धरलं होतं.